गोवर आणि घामोळें

लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठलें कीं 'देवीचा फेरा आहे' असें म्हणून औषध बंद करावयाचें आणि कडुनिंबाचा पाला उशाशीं ठेवून वाट पाहावयाची, ही चाल आमच्या कित्येक घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. श्रद्धेशीं आमचा तंटा नाहीं. पाला उशाशीं राहूं द्या, पण मूल डॉक्टरास दाखवा. देवीचा रोग लशीच्या जोरावर जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. गोवर मात्र राहिला, व २०२२ सालीं मुंबईंत गोवंडीच्या वस्तींत त्यानें बालकांचे बळी घेतले.

घामोळें मानेवर, काखेंत उठतें, खाजतें; ताप आणीत नाहीं. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, व एकाच वेळीं कांहीं ताजे, कांहीं खपली धरलेले दिसतात. गोवरांत आधीं २ ते ४ दिवस कडक ताप, खोकला, वाहतें नाक, लाल डोळे. मग कानामागून पुरळ निघून तोंडावरून खालीं उतरतें. तें दिसण्यापूर्वीं ४ दिवसांपासूनच मूल इतरांस रोग देत असतें! शिवाय, कोणत्याही तापांत बोटानें दाबून फिके न होणारे जांभळे डाग दिसल्यास घटकाभरही थांबूं नये.

गोवरामागून येणारा न्युमोनिया जीव घेतो. लस ९ महिने पुरे होतांच व पुन्हा १६ ते २४ महिन्यांत सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. ती चुकली म्हणून केवळ आयांस दोष देणें हा कोणता न्याय? मतें मागावयास त्याच गल्ल्या उमेदवारांस अचूक सांपडतात; मग लस घेऊन परिचारिका तेथवर पाठविणें महापालिकेस अशक्य कसें?