बाबा यागाचे दात पाडू नका

रशियन पुस्तक म्हटलं की हॉस्टेलवर एकच नाव निघतं : इरोडोव्ह. त्याच्या फिजिक्सच्या गणितांनी अकरावी-बारावीत आपल्यापैकी कित्येकांची झोप उडवली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून रशियन पोरांची झोप उडवणारी एक बाई आहे. तिचं नाव बाबा यागा. नाव ऐकून डोळ्यांसमोर दाढीवाला बुवा आणू नका. रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बाई, बाप नव्हे! ही म्हातारी घनदाट जंगलात कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते. उखळात बसून फिरते, मुसळाने ते हाकते आणि झाडूने स्वतःचा माग पुसत जाते. घराला कुंपण माणसांच्या हाडांचं आणि वर कवट्या.

माझी तिची पहिली भेट कॉन्व्हेंटमध्ये तिसरीच्या इंग्रजी रीडरमध्ये झाली. त्यातली बाबा यागा म्हणजे जरा तिरसट शेजारीणच. वासिलिसा नावाची मुलगी तिच्याकडे विस्तव मागायला जाते, म्हातारी कुरकुरते, थोडं झाडूनबिडून घेते, विस्तव देते, सावत्र आई सॉरी म्हणते, संपलं! खाली तीन प्रश्न आणि 'मॉरल : बी काइंड'. पुढे अकरावीत त्या कथेचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हाती पडलं तेव्हा कळलं, शाळेने आम्हाला गोष्टीचं नुसतं साल दिलं होतं. गर काढून घेतला होता.

मूळ कथा अशी. वासिलिसा आठ वर्षांची असताना तिची आई मरते. मरताना आशीर्वाद देते आणि एक छोटी बाहुली देते. अडचण आली की बाहुलीला खाऊ घाल, मग तिला सल्ला विचार. वडील दुसरं लग्न करतात. सावत्र आई आणि तिच्या दोन मुली एका रात्री मुद्दाम दिवा मालवतात आणि विस्तव आणायला वासिलिसाला बाबा यागाकडे धाडतात. तिथे कामांचा डोंगर : गव्हातले काळे दाणे निवड, खसखशीतली माती काढ, नाही जमलं तर तुलाच खाईन. बाहुली म्हणते, आता झोप, सकाळ संध्याकाळपेक्षा शहाणी असते. (ही रशियन म्हण सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या नोटीस बोर्डवर लावायला हरकत नाही.) कामं पार पडतात. म्हातारी विस्तव देते, पण कवटीत घालून. घरी आल्यावर त्या कवटीचे जळते डोळे सावत्र आईवर आणि तिच्या मुलींवर खिळतात आणि सकाळपर्यंत तिघींचा कोळसा होतो. मग वासिलिसा काय करते? ती कवटी जमिनीत पुरते, घराला कुलूप लावते आणि शहराकडे चालू लागते.

मला विचाराल तर हे पुरणं सगळ्यात महत्त्वाचं. एवढं मोठं हत्यार हाताशी आहे, तरी ती ते पुढच्या आयुष्यात घेऊन जात नाही. पण रीडरमध्ये कवटीच नाही, तर पुरणार काय? भीती काढली, सूड काढला आणि त्याबरोबर शहाणपणही निघून गेलं.

हे केवळ माझं मत नाही, याला 'स्ट्रक्चरल अॅनालिसिस'चा आधार आहे! व्लादिमीर प्रॉप नावाच्या रशियन अभ्यासकाने शंभर परीकथा अक्षरशः सुट्या केल्या, मशीन डिसमँटल करावं तशा. १९२८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याने कथांमधल्या घटनांचे ३१ प्रकार सांगितले. सगळे प्रकार प्रत्येक कथेत नसतात, पण सुरुवातीला एक गोष्ट लागतेच : कुणीतरी काहीतरी हिरावून नेतं, नाहीतर काहीतरी उणं असतं. त्या उणिवेपोटीच नायक घराबाहेर पडतो. सिव्हिलवाल्यांना विचारा, फ्लॅटमधली पार्टिशनची भिंत पाडता येते, कॉलम तोडता येत नाही. गोष्टीतलं दुःख हा कॉलम आहे. आपण तो नको असलेली भिंत समजून पाडतो आणि वर म्हणतो, हल्लीच्या मुलांना गोष्टी आवडत नाहीत.

गंमत म्हणजे या कथांवर कात्री चालवायची हौस फार जुनी आहे. अलेक्झांडर अफानास्येवने १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचा प्रचंड संग्रह छापला, सुमारे सहाशे कथांचा. त्याच्याच १८५९ च्या लोकदंतकथांच्या संग्रहावर मात्र बंदी आली, कारण त्यातले संत चर्चला पटण्यासारखे नव्हते. १८६२ मध्ये सरकारविरोधी माणसाशी संबंध ठेवल्याच्या संशयावरून त्याची नोकरी गेली. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं त्याला विकावी लागली आणि १८७१ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. पुढे क्रांती झाली, तर नव्या शिक्षणतज्ज्ञांना परीकथाच खुपायला लागल्या. बोलणारे प्राणी आणि जादू यांनी म्हणे मुलांचा वैज्ञानिक दृष्टिकोन बिघडतो! मुलांचा लाडका कवी कोर्नेय चुकोव्स्की याच्या 'मगरी'च्या कवितेवर १९२८ मध्ये खुद्द लेनिनच्या पत्नीने, क्रुप्स्कायाने, 'प्रावदा'त टीका केली. चुकोव्स्की मात्र परीकथांची बाजू मांडत राहिला. चर्चला संत खुपले, शिक्षणतज्ज्ञांना जादू खुपली, आज आपल्याला मरण खुपतं. प्रत्येक काळाची कात्री वेगळी, एवढंच.

आता कुणी म्हणेल, मग काय मूळ संग्रह जसाच्या तसा चिमुरड्यांना वाचून दाखवायचा? मुळीच नाही. अफानास्येवनेही १८७० मध्ये मुलांसाठी वेगळा निवडक संग्रह काढला होता. लोककथा तर सांगणाऱ्यागणिक बदलतेच. भाषा सोपी करा, लांबण कापा, चित्रं घाला. इव्हान बिलिबिनने मुलांच्या पुस्तकात काढलेली वासिलिसा बघा. काळ्या जंगलात, हातात काठी आणि काठीवर डोळे जळणारी कवटी. शंभरहून जास्त वर्षं पोरं ते चित्र बघताहेत.

शेवट गोड हवा की कडू, हेही गोष्टीलाच ठरवू द्यावं. आपली भोपळ्यातली म्हातारी वाघाच्या तावडीतून सुटते, कारण ती वाघाला थापा मारून वेळ मिळवते. रशियातला कोलोबोक म्हणजे घरंगळत पळणारा गोल पाव. तो ससा, लांडगा, अस्वल सगळ्यांना गाणं म्हणत चकवतो आणि शेवटी कोल्हीण त्याला गट्ट करते. का? तर ती गाण्याची स्तुती करते, ऐकू येत नाही म्हणते आणि हा फुशारून तिच्या नाकावर चढतो. दोन्ही शेवट आपापल्या जागी बरोबर आहेत. कोलोबोकला वाचवलं तर गोष्ट उरतच नाही.

एक घरची गोष्ट सांगते. माझी मावसबहीण २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तिची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. घरातल्यांनी मायेपोटी तिच्या कपाटातून आई मरते ती सगळी पुस्तकं काढून ठेवली. तिच्यासमोर आईचं नावही कुणी घेईना. मागच्या दिवाळीत तिने गोष्टीसाठी हट्ट धरला आणि मी वासिलिसा सांगितली. माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत, कामांची यादी निम्मी कापून. पण आईचं मरण आणि कवटी तशीच ठेवून. मला वाटलं, कवटीला घाबरेल. तिने एकच प्रश्न विचारला, "मावशी, ती बाहुलीला रोज काय खायला द्यायची?" मी म्हटलं, स्वतःच्या ताटातला सगळ्यात चांगला घास. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझी आई मला साय द्यायची." त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिच्या आईबद्दल बोललं होतं, आणि ती स्वतःच होती.

मुलांना दुःख आपण गोष्टीतून देत नाही. ते त्यांच्याकडे आधीच पोचलेलं असतं. गोष्ट फक्त त्याला नाव देते आणि हातात एक बाहुली देते.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पी.एल. संपून सुट्टीत घरी जाल आणि भाचे-पुतणे अंगावर चढून गोष्ट मागतील, तेव्हा त्यांना मोबाईल देऊन मोकळे होऊ नका. रशियन सांगा, देशी सांगा, अडखळत सांगा. पण गोष्टीतली आई मेली असेल तर ती गावाला गेली असं सांगू नका. गावाला गेलेली माणसं परत येतात, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. मग ती वाट बघत बसतात.