दुखणं अंगावर काढू नका

ईलिंग आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना, विशेषतः नोकरीसाठी नुकत्याच इथे आलेल्यांना, ही कळकळीची विनंती आहे. आजारी असाल तर रजा घ्या.

थंडी सुरू झाली की ईलिंग ब्रॉडवेला सकाळच्या एलिझाबेथ लाइनच्या डब्यात पॅरासिटामॉल घेऊन निघालेली, खोकून बेजार झालेली माणसं दिसतात. घरून काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. अंगात ताप, मांडीवर लॅपटॉप, बाजूला काढ्याचा पेला आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद! त्या तापात एक्सेलमध्ये भलत्याच रकान्याची बेरीज होते, तोच तक्ता पुढे चार जणांकडे जातो, आणि बरं वाटल्यावर सगळं निस्तरत बसावं लागतं. विश्रांती नाही ती नाहीच, कामही धड नाही.

आयपीपीआर या इथल्या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये याचा हिशेब मांडला. ब्रिटनमधला नोकरदार वर्षाला सरासरी सात दिवससुद्धा आजारपणाची रजा घेत नाही. पण आजारपणात काम रेटल्यामुळे त्याचं जे काम बुडतं, ते ४४ दिवसांच्या कामाइतकं भरतं. कंपनीचं नुकसान नको म्हणून उठून बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या लोकांना खरी धास्ती असते ती व्हिसाची. स्किल्ड वर्कर व्हिसावर वर्षभरात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली तर अडचण येऊ शकते हे खरं, पण आजारपणाची रजा त्यात धरत नाहीत. स्टॅट्युटरी सिक पे, म्हणजे आजारपणात कायद्याने मिळणारा किमान पगार, घेतला तर सरकारी मदत घेतल्याचा ठपका बसेल, हा समजही चुकीचा आहे. तो पैसा मालक देतो आणि तो तुमचा हक्क आहे. पूर्वी आजारपणाचे पहिले तीन दिवस त्यात कोरडेच जायचे आणि आठवड्याला १२५ पौंडांपेक्षा कमी कमावणाऱ्याला तर काहीच मिळत नसे. नव्या कायद्याने ६ एप्रिल २०२६ पासून या दोन्ही अटी काढल्या. रक्कम मोठी नाही, घरभाडं त्यात भागणार नाही, हेही खरंच. पण बऱ्याच कंपन्या करारानुसार त्याहून जास्त देतात. आपला करार काढून ते कलम आधी वाचून ठेवा.

साउथॉलच्या हॉटेलांत, केअर होममध्ये काम करणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास कामावर जाऊ नका. तिथे तुमच्या हातून दुसऱ्याच्या ताटापर्यंत आजार पोचतो.

आणि तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर रजेवरच्या माणसाला ‘फक्त एक मिनिट’ म्हणून मेसेज करू नका. तुम्ही स्वतः तापात मेल पाठवत राहिलात, तर टीममधला नवखा मुलगा रजा मागायला धजणार नाही.

आजारी पडलात की सकाळीच मॅनेजरला कळवा: “आज बरं नाही, काम करू शकत नाही, उद्या सकाळी कळवतो.” एवढं पुरे, लक्षणांची यादी देत बसू नका. सात दिवसांपर्यंत डॉक्टरांचा दाखला लागत नाही, तुमचा शब्द चालतो. त्यापुढे जीपीकडून फिट नोट घ्या. कमी तास किंवा हलकं काम सुचवायचं असेल तर तेही त्यात लिहून मिळतं. घसा किंवा कान दुखत असेल तर आधी जवळच्या फार्मसीत विचारा. आणि मेसेज गेला की लॅपटॉप बंद करून झोपा.