जुन्या मोटारीचें क्षेम

'योगक्षेम' हा शब्द आपण पत्रांत, व्याख्यानांत, आशीर्वादांत इतक्या सहजतेनें वापरतों कीं, त्यांत दोन निराळे शब्द आहेत याचें भान राहत नाहीं. जें आपल्याजवळ नाहीं तें मिळणें हा योग. जें मिळालें आहे तें राखणें हें क्षेम. पैकीं योगाचें कौतुक सर्वांस असतें. नवी वस्तु घरीं आली कीं तिला हळदकुंकू वाहतात, पेढे वांटतात, शेजारी पाहावयास येतात. क्षेमाचें मात्र कोणी पेढे वांटीत नाहीं. तें मुकाट्यानें, वांकून, बहुधा अंधाऱ्या कोपऱ्यांत करावें लागतें. आणि तें नीट झालें असतां दिसतें एवढेंच कीं, कांहींच बिघडलें नाहीं.

गेल्या खेपेस या सदरांत आम्हीं शिवणयंत्राच्या देखभालीविषयीं लिहिलें होतें. या खेपेचा विषय आमच्या वयास व पेशास न शोभणारा वाटेल: जुनी स्पोर्ट्स मोटार, आणि तिची घरच्या घरीं करावयाची किरकोळ दुरुस्ती. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आम्ही इंग्लंडांत मुलीकडे होतों. आमचे जांवई सन १९७२ सालची एक 'एम. जी. बी.' गाडी बाळगून आहेत. दर शनिवारीं ते हातांत पाना घेत आणि आम्ही विजेरी धरीत असूं. त्या शनिवारांनीं क्षेम या शब्दाचा अर्थ आम्हांस जितका स्पष्ट करून दिला, तितका कोणत्याही टीकाग्रंथानें दिला नव्हता.

आधीं गाडीची ओळख. अष्टकोनांत 'एम. जी.' हीं अक्षरें असलेल्या मोटारी आतां आपल्याकडेही दिसतात. सन २०१९ पासून त्या गुजराथेंतील हालोल येथें तयार होऊं लागल्या, आणि तें नांव आज एका चिनी कंपनीच्या मालकीचें आहे. मूळ अक्षरें मात्र ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीचीं. तिच्या ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत सन १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. गाड्या तयार झाल्या; त्यांची संख्या पांच लक्षांहून अधिक भरली. १९८० सालींच तो कारखाना बंद पडला. म्हणजे यांतील सर्वांत धाकटी गाडीसुद्धां आज चाळिशी उलटून गेली आहे. असें असूनही त्या हजारोंच्या संख्येनें रस्त्यावर आहेत. याचें रहस्य त्यांच्या रचनेंत आहे: एंजिन साधें, प्रत्येक भाग हाताला लागणारा, प्रत्येक खिळा उघडतां येणारा. दुरुस्ती होऊं शकेल अशा रीतीनेंच ती वस्तु घडविलेली आहे.

तथापि तिचें एक मर्मस्थान आहे. जुन्या काळच्या मोटारींस खालीं पोलादी सांगाडा असे व वर घर बसविलेलें असे. एम. जी. बी. स तसा वेगळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें शरीर हाच तिचा कणा. त्यांतून उघड्या गाडीस छप्पर नाहीं. तेव्हां पुढचा व मागचा भाग एकमेकांस धरून ठेवण्याचा मोठा भार दोन्ही दारांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पेट्यांवर पडतो. यांस इंग्रजींत 'सिल' म्हणतात. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यावर बर्फ गोठूं नये म्हणून मीठ टाकतात. तें खारें पाणी चाकांनीं उडून या पेट्यांत शिरतें, आणि गंज आंतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आंतील पत्रा बहुधा गेलेला असतो.

जांवयांच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं नुकतीच अशी एक गाडी विकत घेतली होती. लाल रंग आरशासारखा, चाकांच्या तारा चकचकीत. ती दाखविण्यास ते मोठ्या हौसेनें आले. जांवयांनीं रंगाकडे पाहिलें नाहीं. त्यांनीं दार उघडून त्याच्या कडेची फट पाहिली, मग दार लावून गाडीची ती बाजू जॅकनें हळूहळू उचलली, आणि पुन्हां दार उघडावयास सांगितलें. दार उघडेना. गाडी मधोमध वांकली होती आणि दाराची फट मिटून गेली होती. खालच्या पेटीवर कोणी नवा पत्रा डकवून वर रंग फांसला होता. आंत आधार असा उरलाच नव्हता. त्या गृहस्थांची दोन लहान मुलें त्याच गाडींत बसून आलीं होतीं. आम्हांकडे वळून जांवई हळूच म्हणाले, "बाबा, रंग सांगतो ती जाहिरात, दार सांगतें तें खरें." पुढें ती गाडी कारागिराकडे गेली, दोन्ही पेट्या कापून नव्या बसविण्यांत आल्या, आणि त्या कामास रंगाच्या कामापेक्षां पुष्कळ अधिक खर्च आला.

म्हणून देखभालीचा पहिला नियम असा: आधीं पाणी, मग वंगण, मग वीज, आणि सर्वांच्या शेवटीं चकाकी. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं आपण पन्हाळी साफ करतों, कौलें चाळतों. भिंतींस रंग मागाहून देतों. क्रम तोच. या गाडींत पाणी बाहेर जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. दारांच्या तळाशीं भोकें आहेत. सिलच्या खालच्या अंगास फटी आहेत. पुढच्या कांचेच्या समोर हवा घेणारी जी जाळी आहे तिच्या पोटांतून एक रबरी नळी खालीं जाते. झाडाचीं पानें पडून ती नळी तुंबली कीं पाणी आंत सांचतें आणि एके दिवशीं पायांवर येतें. पुढच्या चाकांच्या वर व मागें चिखलाचा थर बसतो. तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. हिवाळा संपतांच नळीनें गोड्या पाण्याचा संथ झोत सोडून हा सर्व चिखल काढावा, भोकें तारेनें मोकळीं करावीं, गाडी पूर्ण वाळूं द्यावी आणि नंतरच पोकळ पेट्यांत पातळ मेणाचा फवारा मारावा. ओल्या पत्र्यावर मेण मारणें म्हणजे शत्रूस आंत कोंडून दार लावणें होय.

गाडीखालीं जाण्याविषयीं दोन शब्द अधिक कडक सांगितले पाहिजेत. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं डोकें तर काय, हातही घालूं नये. कठीण व सपाट जमीन पाहावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पुढून मागून ठोकळे लावावे, गाडी उचलल्यावर मजबूत पोलादी तिवया गाडीच्या भक्कम जागीं ठेवाव्या, आणि आंत शिरण्यापूर्वीं गाडीस जोरानें हालवून पाहावें. त्या वेळीं घरांतील एक मनुष्य जवळ असावें. हा नियम पाळण्यास दहा मिनिटें लागतात; न पाळल्यास काय लागतें तें सांगण्याची गरज नाहीं.

आतां सुखाचीं कामें. पुढचीं चाकें ज्या खुंट्यांवर वळतात त्या 'किंग-पिनां'स दर ३,००० मैलांनीं ग्रीस द्यावें लागतें. चाक अधांतरीं उचलून ग्रीस भरलें तर तें सर्व बाजूंस पोंचतें, आणि जुनें काळें ग्रीस कडेनें बाहेर आलेलें दिसतें. तें दिसेपर्यंत पंपाचा दांडा सोडूं नये. दोन कार्ब्युरेटरांच्या डोक्यांवर एकेक टोपण असतें. तें काढून आंत थोडें तेल घालावयाचें असतें. हें तेल आटलें कीं वेग वाढवितांना एंजिन क्षणभर अडखळतें, आणि अनभिज्ञ मनुष्य मोठ्या दुरुस्तीच्या विचारांत पडतो. उपाय मात्र चमचाभर तेलाचा!

एंजिनाच्या झडपांतील अंतर मोजण्याचें काम आम्हांस सर्वांत आवडलें, कारण त्यांत गणित आहे. झडपा आठ. प्रत्येकीच्या देठाशीं .०१५ इंच, म्हणजे इंचाचे पंधरा सहस्रांश, इतकी फट असावी लागते. तेवढ्या जाडीचें पोलादी पातें आंत सरकवून ती पाहतात. पातें किंचित् अडखळत सरकलें म्हणजे अंतर ठीक. आतां कोणती झडप केव्हां मोजावी? नियम नवाचा. जी झडप पूर्ण उघडी असेल तिचा क्रमांक नवांतून वजा करावा. बाकी येईल ती झडप मोजावयाची. आठवी उघडी तर पहिली मोजावी, सहावी उघडी तर तिसरी. आमचा सात वर्षांचा नातू हें वजाबाकीचें काम करी आणि त्याचे वडील पाना फिरवीत. वजाबाकीचा असा उपयोग वर्गांत दाखवितां आला असता, तर आमचे कित्येक विद्यार्थी तास संपण्याची वाट पाहते ना.

विजेचे पुष्कळसे रोग एकाच कारणाचे असतात. या गाडींत विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यांतूनच असल्यामुळें, जेथें तार पत्र्यास जोडलेली असते तेथें गंज धरला कीं दिवा मंद होतो, पंखा थांबतो, आणि दोष नसलेला दिवा बदलला जातो. बॅटरीची तार सोडवावी, तो सांधा पॉलिशकागदानें घांसून लखलखीत करावा, घट्ट आवळावा व वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. अर्ध्या तक्रारी येथेंच मिटतात. सन १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक पत्र्यास जोडलेलें असे, पुढें ऋण टोंक जोडूं लागले. तेव्हां बॅटरीस हात लावण्यापूर्वीं गाडी कोणत्या काळची आहे हें पाहून घ्यावें.

पेट्रोलाची गोष्ट नवी आहे. इंग्लंडांत सन २००० च्या आरंभापासून शिसेयुक्त पेट्रोलाची सर्वसाधारण विक्री बंद झाली, आणि सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत शेंकडा १० पर्यंत इथेनॉल असतें. शिसें जुन्या झडपांच्या बैठकींचें झिजण्यापासून रक्षण करी. म्हणून पुष्कळ मालकांनीं कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतल्या आहेत. इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांस मऊ करतें, भेगा पाडतें. आपल्याकडे तर हें प्रमाण शेंकडा २० वर गेलें आहे. ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित जुनी मोटार किंवा स्कूटर असेल त्यांनींही ही नळी बोटांनीं दाबून पाहावी. चिकट लागली, भेगाळली किंवा पेट्रोलाचा वास आला तर ती त्याच दिवशीं, इथेनॉल सोसणाऱ्या रबराची आणून, बदलावी. तापलेल्या एंजिनावर गळणारें पेट्रोल उद्याची वाट पाहत नाहीं.

राहिले ब्रेक. येथें हौसेनें आपली मर्यादा ओळखावी. मागच्या ब्रेकांची सैल पडलेली पकड घट्ट करणें घरीं होतें: चौकोनी खुंटी चाक अडेपर्यंत आवळावी आणि तें मोकळें फिरेल इतकीच परत सोडावी. परंतु ब्रेकचा द्रव हा हवेंतील ओल शोषून घेणारा पदार्थ आहे. ओल शिरली कीं तो कमी उष्णतेवर उकळतो. लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे नळ्यांत वाफ होते आणि पाय तळाला जातो. म्हणून दर दोन वर्षांनीं तो संपूर्ण बदलावा. सुरुवातीच्या एम. जी. बी. गाड्यांत चारी चाकांस द्रव पुरविणारी व्यवस्था एकच होती. एके ठिकाणीं गळती झाली कीं चारी ब्रेक गेले. ज्यानें हें काम जाणत्याच्या हाताखालीं केलेलें नाहीं, त्यानें तें पुस्तक वाचून करूं नये. जाणता बोलवावा व स्वतः विजेरी धरावी. विजेरी धरण्यांत कमीपणा नाहीं, हें आम्ही अधिकारानें सांगतों.

एवढा आग्रह कशासाठीं? मे २०१८ पासून इंग्लंडांत चाळीस वर्षांहून जुन्या व मोठे फेरफार न केलेल्या मोटारींस वार्षिक सरकारी तपासणीची सक्ति राहिली नाहीं. हिशेब केला तर आज प्रत्येक एम. जी. बी. या सवलतींत बसते. गाडी रस्त्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्यानें मालकावरच आहे. परीक्षक उठून गेला म्हणजे परीक्षा संपली असें समजणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. खरें तर परीक्षक गेल्यावर ती अधिक कठीण होते, कारण उत्तरपत्रिका आपणच तपासावयाची असते. आमचे जांवई सक्ति नसतांही दरवर्षीं गाडी परक्या डोळ्यांपुढें नेतात. आपल्या वस्तूवर आपलें प्रेम असतें, आणि प्रेमास गंज दिसत नाहीं.

या गाडीचें नवें संपूर्ण शरीरही, जुन्याच साच्यांतून ठोकलेलें, सन १९८८ पासून मिळूं लागलें. तेव्हां सारा पत्रा बदलल्यावर गाडी तीच राहिली काय, असा प्रश्न नैयायिकांनीं खुशाल करावा. देवळाचा जीर्णोद्धार झाल्यावर देऊळ बदललें असें आपण म्हणत नाहीं. परंतु जीर्णोद्धार हा क्षेम चुकल्यावरचा उपाय आहे, त्याची जागा घेणारा नव्हे. ज्याच्या घरीं मोटार, यंत्र किंवा वाडा, जें कांहीं जुनें असेल, त्यानें एक साधी वही करावी: तारीख, काय पाहिलें, काय केलें, पुढें केव्हां पाहावयाचें. पानाच्या वरच्या अंगास नेहमीं तीच जागा लिहावी, जी सर्वांत खालीं, सर्वांत ओली आणि पाहुण्यास कधींही न दिसणारी असेल. तपासणीस आरंभ तेथून करावा.