हक्कसोडपत्र

माझी भाची न्यू जर्सीत बारावीला आहे. कॉलेजच्या अर्जात तिच्यापुढे प्रश्न आला: शिक्षकांनी तुझ्याबद्दल लिहिलेली शिफारसपत्रं पुढे पाहण्याचा हक्क तू सोडतेस का? तिला सोडायचा नव्हता. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "सोडून दे. नाहीतर कॉलेजला वाटेल, तुझा शिक्षकांवर विश्वास नाही." सतरा वर्षांच्या पोरीनं मुकाट्यानं खूण केली.

मला माझी आत्या आठवली. वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिचीही सही अशीच झाली होती. जबरदस्ती कुणीच केली नाही. सही केली नाहीस तर माहेर तुटेल, एवढंच कानावर घातलं. भीती घालून घेतलेल्या सहीला संमती म्हणणं ही लबाडी आहे, मग ती जमिनीच्या कागदावर असो की कॉलेजच्या अर्जावर.

अमेरिकेतला फेर्पा कायदा १९७४ चा. शाळा-कॉलेजच्या दप्तरी आपल्याविषयी काय नोंदलंय, हे विद्यार्थी-पालकांना पाहता यावं, म्हणून सिनेटर जेम्स बकली यांनी तो आणला. वर्ष संपायच्या आत दुरुस्ती झाली आणि शिफारसपत्रांपुरता हक्क सोडायची वाट काढली गेली. ही प्रवेशाची अट करता येणार नाही, असं तोच कायदा बजावतो. अट कुणी घालतच नाही. सल्ला देतात, आणि सल्ल्यानं काम भागतं. हक्क राखला तरी पदरात किती पडतं? ज्या कॉलेजात शिकायला गेलात, तिथलंच दप्तर पाहता येतं. ज्या कॉलेजानं नाकारलं, त्याच्याकडचं पत्र या कायद्यानं मागता येत नाही. आणि कायदा मोडला म्हणून विद्यार्थ्याला स्वतः दावा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली ठरवून टाकलं.

गुप्ततेचे कैवारी म्हणतात, मुलं वाचणार असतील तर शिक्षक खरं लिहिणार नाहीत. जे तोंडावर बोलता येत नाही, ते शिक्षकानं पाठीमागेही लिहू नये. वर्षभर ज्यानं लाल शाईनं चुका दाखवल्या, त्याला या एका कागदापुरता कसला संकोच? चांगलं लिहिता येत नसेल, तर पत्र देणार नाही असं सांगावं. पोरगी दुसरं दार ठोठावेल.

हा प्रश्नच अर्जातून काढून टाका. तोवर शिक्षकांनी पत्र पाठवण्याआधी विद्यार्थ्याच्या हाती द्यावं. कायदा त्यांना अडवत नाही.

आपण किती गुंठे सोडतोय, हे आत्याला निदान ठाऊक होतं. भाचीला तेही ठाऊक नाही.