व्हॅन पाणी पिते तेव्हा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावी जाण्यासाठी घरची जुनी व्हॅन बाहेर निघते. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे ‘ओम्नी’ म्हणून घराघरांत पोचली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. शहरात मुकाट चालणारी ही गाडी घाटात मात्र तापते. मग रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी ओतायचे नि पुढे निघायचे, असा अनेकांचा शिरस्ता असतो. पण पाणी जाते कुठे, हे न पाहता ओतत राहणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे.

आधी एक पथ्य. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. बंद झाकणामुळे आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. गाडी सावलीत थांबवावी, मुलांना दूर बसवावे आणि इंजिन पुरते निवू द्यावे. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास तडा जाण्याचा धोका असतो.

गाडी केव्हा तापते, यावरून दोष ओळखता येतो. वाहतुकीत उभी असताना तापते आणि वेगात निवते, तर पंख्याकडे पाहावे. फ्यूज, वायर, पंख्याचा स्विच किंवा मोटर यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. चढावर किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलेला असू शकतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरले की आतल्या नळ्यांत थर साचतो. वरचा होस पाइप कढत आणि खालचा थंड लागला, तर थर्मोस्टॅट उघडत नसावा किंवा रेडिएटर तुंबला असावा. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला मात्र मानू नये.

पाणी कमी होते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही? ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. गाडी थंड असताना सीट उचलून होस पाइप, क्लॅम्प आणि वॉटर पंपाखालची बाजू बॅटरीच्या उजेडात तपासावी. पांढरट डाग ही जुन्या गळतीची खूण. झाकणाचे रबर कडक झाले असले तरी पाणी वाफ होऊन जाते. बाहेर काहीच सापडले नाही, तर ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.

दुरुस्तीनंतर साध्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी. आत हवा अडकली, तर नवे सुटे भाग घालूनही गाडी तापते.

क्लॅम्प, होस पाइप, झाकण ही किरकोळ खर्चाची कामे. ती टाळली, तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि सहलीसाठी साठवलेले पैसे गॅरेजमध्ये जातात. म्हणून ही तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी करावी.