आवाज न करता मोडणारी हाडे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवले जाते, आणि ते हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन तीरांवरील मंडळी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. त्या एका दिवसासाठी प्रशासन डॉक्टरांची पथके बसवते, रुग्णवाहिका उभ्या करते, आणि सायंकाळी जखमींचा आकडा देशभरच्या वृत्तपत्रांत झळकतो. या प्रथेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आम्हांला भर घालावयाची नाही. आमचे लक्ष वेधले आहे ते त्याच गावांतील दुसऱ्या एका हाडमोडीकडे. ती वर्षभर, घराघरांत चालू असते. तिच्यासाठी पथक बसत नाही आणि तिची मोजदादही होत नाही. ही हाडमोड पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मराठी बोलणारे. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती, तेव्हा त्यांचा व्यवहार नागपूरशी होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले, तरी दुखणे बळावले की माणसे आजही नागपूरचीच वाट धरतात. २०२३ साली छिंदवाड्यातून काढून पांढुर्ण्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. जिल्हा नवा झाला की कचेऱ्या येतात, अधिकारी येतात, जिल्हा रुग्णालयाची चर्चा सुरू होते. पाटी कोरी असते तेव्हाच तिच्यावर काय लिहावयाचे याचा विचार करणे शहाणपणाचे. म्हणून हा विषय आज मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते. शिवाय त्यात आपल्या किनारपट्टीलाही पुष्कळ घेण्याजोगे आहे.

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे, तो आयुष्याचा एक टप्पा आहे. पाश्चात्त्य देशांत तो सरासरी एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो. भारतीय स्त्रीच्या बाबतीत तो त्याहून काही वर्षे आधी, शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येतो. बीजकोशांतून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक या काळात झपाट्याने कमी होते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चित्त अस्वस्थ होणे या तक्रारी स्त्रिया निदान एकमेकींजवळ तरी बोलतात. हाडांचे मात्र तसे नाही. हाड ही निर्जीव काठी नव्हे. त्यात जुना भाग झिजवून काढणाऱ्या पेशी आणि नवा भाग भरणाऱ्या पेशी यांचे काम अखंड चालू असते, आणि झिजवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो लगाम सुटला की खर्च जमेपेक्षा वाढतो. पहिल्या पाच-सात वर्षांत ही घट सर्वांत वेगाने होते, आणि त्या काळात काहीही दुखत नाही. अमेरिकेतील फुलर अल्ब्राइट या वैद्याने १९४१ साली हा संबंध दाखवून दिला. त्याला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी आमच्या गावांत ‘वय झाले, कंबर वाकली’ एवढ्यावर निदान संपते.

या मौनाचे एक कारण आपल्या घरांच्या रचनेतही आहे. ज्या कुटुंबांत पाळीच्या दिवसांत स्त्रीला देवघराबाहेर, स्वयंपाकघराबाहेर बसावे लागे, तेथे पाळी जाणे ही सुटका होती. मग कुळाचार तिच्या हाती येत, कोणत्याही कार्यात ती निर्धास्त वावरू शके. या सुटकेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु जे सुटका म्हणून आले, त्याची तक्रार कोण कोणापाशी करणार? मुलगा विचारीत नाही, सुनेला संकोच वाटतो, आणि डॉक्टर बहुधा गुडघ्याची गोळी लिहून देतो. पुढे न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडते, बादली उचलताना मणका दबतो, आणि एके दिवशी खुब्याचे हाड मोडून बाई अंथरुणाला खिळते.

कष्टकरी स्त्रीची हाडे कणखर असतात, असा एक गोड समज आपण बाळगून आहोत. अंगमेहनतीने हाड बळकट होते हे खरे, परंतु पोटात अन्न असेल तर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या २८९ स्त्रिया तपासल्या होत्या. त्यांच्या रोजच्या आहारातील कॅल्शियम सरासरी तीनशे मिलिग्रॅमच्याही खाली होते, आणि हाडांची घनता चिंताजनक प्रमाणात कमी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली रजोनिवृत्त स्त्रीसाठी दररोज १२०० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे गरज आणि ताट यांच्यातील अंतर किमान चौपटीचे. पांढुर्णा-सौंसर हा संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख. बागेत व कापूसवेचणीत दिवसभर वाकणाऱ्या स्त्रियांच्या घरी ताटात ज्वारी, गहू आणि तूर. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आत असते. तेवढ्याच नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास, आणि तिळात हजाराहून अधिक.

यापेक्षा गंभीर गोष्ट गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ऊसतोडणी कामगार स्त्रियांची अशी प्रकरणे २०१९ साली उजेडात आली. महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचे. पाळीमुळे खाडा पडू नये, उचल बुडू नये, ही विवंचना आणि काही ठिकाणी वैद्यकाचा धंदेवाईकपणा, अशा दोन्ही गोष्टींची तेव्हा चर्चा झाली. त्या चर्चेत हाडांचा उल्लेख क्वचितच आला. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतील स्त्री एका दिवसात रजोनिवृत्त होते. बीजकोश राखले तरीही निवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव वाढतो. अशा स्त्रीला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेनचे उपचार द्यावेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. कोयता घेऊन फडात जाणाऱ्या स्त्रीला हे कोणी सांगितले? सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी केंद्राची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणे हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्यावर ती होऊन गेली त्यांच्या पुढील तीस-चाळीस वर्षांचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

संप्रेरकांच्या उपचारांविषयी जनमानसात भय आहे, आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला एक मोठा प्रयोग जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवण्यात आला. संप्रेरके घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे आठ रुग्ण अधिक, आणि खुब्याचे अस्थिभंग पाच कमी, असा हिशेब निघाला. जगभर घबराट पसरली, आणि लक्षावधी स्त्रियांनी औषध सोडले. त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, ही बाब मात्र मागे पडली. रजोनिवृत्तीनंतर पहिल्या दहा वर्षांत, साठीच्या आत, उपचार सुरू केल्यास लाभहानीचे पारडे बऱ्याच जणींच्या बाबतीत निराळे असते, असे पुढील अभ्यासांतून दिसले. याचा अर्थ प्रत्येकीने संप्रेरके घ्यावीत असा मुळीच नाही. कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, हे तपासून सांगणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी असला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. हाडांसाठी निराळी औषधेही आहेत. ॲलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे न होता बसावे लागते. ती दुर्मिळ राहिलेली नाही. दुर्मिळ आहे ते निदान.

आता शासनाच्या दृष्टीचा विचार करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी स्त्रीला पंधराव्या वर्षी मोजू लागते आणि एकोणपन्नासाव्या वर्षी सोडून देते. गर्भधारणा, प्रसूती, कुटुंबनियोजन यांपुरतीच ती आपल्या नियोजनकारांना दिसते. तीस वर्षांवरील नागरिकांची गावपातळीवर तपासणी होते, पण तिचा भर रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांवर आहे. आयुष्मान भारत योजनेखाली मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया होते, आणि २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्या योजनेचे छत्र मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हाड मोडल्यावर हजारो रुपये द्यावयाचे, आणि मोडू नये म्हणून दमडी खर्चावयाची नाही, हा घरधन्याचा हिशेब नव्हे.

पांढुर्ण्याच्या नव्या जिल्ह्याने चार गोष्टी कराव्यात. पंचेचाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीला आशा कार्यकर्तीने विचारावे: पाळी केव्हा गेली, गर्भाशय वा बीजकोश काढले आहेत काय, किरकोळ पडण्याने हाड मोडले होते काय, सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत काय. त्याबरोबर उंची मोजून ठेवावी, कारण ती दीड इंचाने घटली तर मणके दबल्याची शंका घेता येते. यास यंत्र लागत नाही, एक वही आणि एक फीत पुरते. दुसरे, हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्र जिल्हा रुग्णालयात असावे, म्हणजे ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांना नागपूरची वारी घडणार नाही. तिसरे, गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची वय, कारण आणि बीजकोशांची स्थिती यांसह नोंद व्हावी. आणि चौथे, नाचणी, तीळ, दूध, पालेभाजी यांचा प्रचार बाळंतिणीपुरता न ठेवता आजीपर्यंत न्यावा.

आम्ही किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे सारे परक्या मुलखाचे गाऱ्हाणे म्हणून वाचू नये. २०११ च्या जनगणनेत साठीवरील लोकसंख्येचे प्रमाण केरळात १२.६ टक्के होते आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ टक्के. म्हणजे हा प्रश्न पांढुर्ण्याच्या आधी आपल्या उंबऱ्यावर आला आहे. आपल्याकडे नाचणीची आंबील आहे, सुकट आहे, ऊन तर मुबलक आहे. तरी नाचणीची जागा मैद्याने घेतली, आणि वृद्धा घरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून असते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर पाय घसरणे हे आपल्याकडचे नित्याचे दृश्य. पायरीला कठडा, न्हाणीत हाताला धरावयास दांडी, आणि रात्री वाटेवर दिवा, या गोष्टींना सरकारी ठराव लागत नाही.

ज्या स्त्रीने घर पोसले, शेत पिकवले, तिचा पाठीचा कणा आतून पोखरत असताना आपण त्याला वार्धक्य म्हणून हात जोडतो. वार्धक्य अटळ आहे, अस्थिभंग नाही. पांढुर्ण्याचे नवे जिल्हा प्रशासन असो वा पणजीचे आरोग्य खाते, येत्या अंदाजपत्रकात पन्नाशीपुढील स्त्रीच्या हाडांसाठी किती रक्कम राखून ठेवली, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी विचारावा. उत्तर शून्य आले, तर त्या शून्याचा जाब मतदारांनी मागावा.