लहान-मोठें आणि जड-हलकें

प्राथमिक शिक्षणाच्या पायाविषयीं सध्यां बरीच चर्चा चालू आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ ही योजना हातीं घेतली, तेव्हांपासून लहान मुलांचें वाचन, लेखन व अंकज्ञान यांकडे शिक्षकांचें लक्ष अधिक वेधलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या पायांतील एक दगड अद्यापि नीट बसविला जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. वस्तूंच्या आकाराची व वजनाची तुलना करावयास मुलांस शिकविणें, हा तो दगड होय. विषय दिसावयास क्षुद्र आहे. तथापि त्याची हेळसांड झाल्यास पुढें घोटाळा कसा होतो, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

बालवर्गाच्या पुष्कळ पुस्तकांत शेजारीं शेजारीं दोन चित्रें असतात: एक हत्ती व एक उंदीर. खालीं आज्ञा असते, ‘जड प्राण्याभोंवतीं गोल काढा.’ मूल हत्तीभोंवतीं गोल काढतें, शिक्षक बरोबरची खूण करितात आणि धडा संपतो. पण या मुलानें वजनाविषयीं काय जाणलें? आमच्या मतें कांहींच नाहीं. चित्रास वजन नसतें. मुलानें मोठ्या चित्राभोंवतीं गोल काढला, एवढेंच. अशीं दहा चित्रें त्यानें याच रीतीनें सोडविलीं म्हणजे ‘जें मोठें तें जड’ हा नियम त्याच्या मनांत पक्का बसतो. हा नियम खोटा आहे, आणि तो शाळेनेंच शिकविलेला असतो, हें अधिक वाईट.

याची प्रचीति आम्हीं स्वतः घेतली. पहिल्या इयत्तेंतील मुलांपुढें आम्हीं चुरमुऱ्यांची एक फुगीर पिशवी व लोखंडी खलबत्त्यांतील लहानसा बत्ता ठेविला आणि जड कोणतें असें विचारिलें. बहुतेक बोटें पिशवीकडे वळलीं. एका मुलीस आम्हीं दोन्ही वस्तू उचलावयास सांगितल्या. पिशवी तिनें सहज वर नेली. बत्ता घेतांच तिचा हात खालीं गेला, आणि ती चकित होऊन आमच्या तोंडाकडे पाहूं लागली. मग वर्गांतील प्रत्येकास बत्ता उचलून पाहावयाचा होता! जें पुस्तकाच्या दहा पानांनीं शिकविलें नव्हतें, तें मनगटानें एका क्षणांत शिकविलें.

हा विचार नवीन नाहीं. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं वजनाच्या ज्ञानासाठीं लांकडाच्या लहान पट्ट्या योजिल्या होत्या. सर्व पट्ट्या लांबीरुंदीस सारख्या, परंतु लांकडें तीन जातींचीं. म्हणून त्यांचीं वजनें २४, १८ व १२ ग्रॅम. डोळे बांधलेलें मूल त्या तळहातांवर तोलून निवडतें. आकार एकच असल्यामुळें डोळ्याची साक्ष येथें चालत नाहीं. हातासच साक्ष द्यावी लागते. एका वेळीं एकाच गुणाकडे मुलाचें लक्ष वेधावें, हें यांतील मर्म होय. आणि साधनें महाग असावयास पाहिजेत असेंहि नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालकांच्या शिक्षणाचें कार्य आरंभिलें, तेव्हां परिसरांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच भर दिला. वाळलेला भोपळा, गारगोटी, करवंटी, चिंचोके यांचा तुटवडा आपल्याकडे कोठें आहे?

तथापि हाताची साक्षहि सर्वस्वीं विश्वसनीय नसते. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकीं जी आकारानें लहान, ती हातास अधिक जड भासते, असें शार्पांतिए या फ्रेंच वैद्यानें १८९१ सालीं दाखविलें. वजनें सारखीं आहेत हें ठाऊक असूनहि हा भास जात नाहीं! म्हणून डोळ्यानें अंदाज, हातानें पडताळा व तराजूनें निर्णय, असा क्रम असावा. दोन करवंट्या, थोडी सुतळी व बांबूची काठी एवढ्यावर तराजू होतो. रिकामीं पारडीं समपातळींत आहेत कीं नाहींत, हें मुलानें आधीं पाहावें. नसल्यास हलक्या बाजूस खडा बांधावा. पासंग म्हणजे काय हें त्यास तेव्हां कळेल, आणि तोलण्यांतील प्रामाणिकपणाचा पहिला धडाहि मिळेल.

मात्र घाई करूं नये. कणकेचे दोन सारखे गोळे घेऊन एकाची पोळी लाटली, तर पांच वर्षांचें मूल बहुधा पोळींत कणीक अधिक आहे असें म्हणतें. घडण बदलली तरी पदार्थ तितकाच राहतो, हें मुलांस साधारणतः सातव्या-आठव्या वर्षीं उमगतें. वजनहि तितकेंच राहतें, हें नवव्या-दहाव्या वर्षीं. जाँ पियाजे व बेर्बेल इनहेल्डर यांनीं १९४१ सालच्या आपल्या ग्रंथांत मातीच्या गोळ्यांवरून हें मांडिलें. तेव्हां चुकलेल्या मुलास रागें भरूं नये. पोळीचा पुन्हा गोळा त्यासच करूं द्यावा.

पूर्वीं हें शिक्षण शाळेबाहेर आपोआप होत असे. वाण्याच्या दुकानांत मूल पारडें खालीं-वर होतांना तासन्‌तास पाही. आज दुकानांतील विजेच्या काट्यावर नुसते आंकडे उमटतात, आणि पुष्कळसा माल तर बंद पुड्यांतूनच घरीं येतो. जें बाजारांतून गेलें, तें आतां शाळेनें व घरानें दिलें पाहिजे.

कोणी म्हणतील, ‘वर्गांत साठ मुलें, एवढा वेळ कोठून आणावा?’ अडचण खरी आहे. परंतु तो वेळ आज न दिल्यास पुढें दुपटीनें द्यावा लागतो. आमच्या वरच्या वर्गांत घनतेचा पाठ निघाला कीं, ‘लोखंड जड म्हणून बुडतें’ असें उत्तर हटकून मिळतें. मग लहानसा खिळा बुडतो आणि त्याच्या सहस्रपट जड ओंडका तरंगतो, तो कां? येथें विद्यार्थी गप्प होतात व सूत्र पाठ करूं लागतात. आकार आणि वजन हे दोन निराळे प्रश्न आहेत, हेंच त्यांस बालपणीं कोणीं अनुभवूं दिलेलें नसतें.

म्हणून आमची शिक्षकांस विनंती आहे कीं, आठवड्यांतून एक तास तरी पुस्तक मिटून वस्तूंची पिशवी उघडावी, आणि तोंडी परीक्षेंत एका चित्राऐवजीं दोन खऱ्या वस्तू मुलाच्या हातीं द्याव्या. आमच्या विद्यार्थ्यांसहि सांगणें आहे. तुमच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत. येत्या सुटींत त्यांस करवंट्यांचा तराजू करून द्या. आधीं त्यांस अंदाज करूं द्या, चुकूं द्या, मग तोलूं द्या. उत्तर तुम्ही सांगूं नका. तें पारड्यास सांगूं द्या.